हिंगणघाट वापस येऊन राह्यला

फ्लेक्स लागल्याचा फोटो मोबाइलवर आला. तो मी बोटांनी मोठा करून पाहत होतो, तेवढ्यात फ्लेक्सवर ज्याचं तोंड होतं, त्याचाच फोन आला. सेलूच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. समोर एका गिऱ्हाइकाचा फोन उघडून ठेवलेला होता आणि गिऱ्हाईकही समोरच बसलेलं होतं, तरी मी ओरडलोच, "उतरला का बे, हिंगणघाट?"

"उतरलो बाप्पा. नागपूरले हाये. आता बस पकडतो." मग तो जरा थांबला. "सेलू, एक सांग. मी येऊन राह्यलो हे कोणाले सांगितलं तर नाई ना?"

मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. माझी बायको म्हणते, तुमची जीभ सकाळी तुमच्या आधी उठते. पण त्या वेळी माझ्या मोबाइलमध्ये त्याच्याच मोहल्ल्यातल्या चौकात लागलेल्या दहा फुटी फ्लेक्सचा फोटो होता. त्यावर त्याचा गॉगल लावलेला चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता. तोंडातून शब्द काय काढणार?

पुढचं सांगण्याआधी आम्ही एकमेकांचे कोण, ते सांगतो. आम्ही तिघं मोबाइलवर बंदुकांचा गेम खेळतो. गेम चौघांचा, पण चौथा रोज कोणीतरी उपरा असतो, आम्ही तिघं मात्र चार-पाच वर्षांपासून कायम. मी सेलूचा म्हणून माझं नाव सेलू. दुसरा आष्टीला कृषी केंद्रावर बसतो, तो आष्टी. तिसरा हिंगणघाट. खरी नावं आम्ही कधी विचारली नाहीत. सुरुवातीला एका उपऱ्यानं आष्टीला खेळता खेळता आडनाव विचारलं होतं. आमच्याकडे आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, माणूस आपोआप बोलण्याचा सूर बदलतो. आष्टीनं त्याला तिथल्या तिथे गटातून काढून टाकलं आणि नियम केला, की इथं गावाच्या नावानंच हाक मारायची. दुसरा नियमही त्याचाच. "घरचं रडगानं घरी. इथं फक्त गोळ्या."

तो नियम आम्ही इतका पाळला, की मला आष्टीला लेकरं किती हेही माहीत नव्हतं. पण कोणाचा दिवस वाईट गेला हे आवाजावरून कळायचं. हिंगणघाट आयटीआय करून आखाती देशात एसीच्या कामावर गेला, तेव्हा त्यानं विमानतळावरून एक फोटो पाठवला. आम्ही त्याचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिकडूनही तो खेळायचा. अलीकडे कमी झालं होतं. यायचा, पण बोलायचा नाही, समोर शत्रू दिसला तरी सांगायचा नाही. आम्ही म्हणायचो, नेटवर्क बेकार आहे बिचाऱ्याचं.

आणि एक दिवस त्याचा मेसेज आला, "बुधवारी वापस येऊन राह्यलो." बस, एवढाच. आम्हाला काय आनंद झाला म्हणता! तो गेला तेव्हा त्याच्या मोहल्ल्यानं फ्लेक्स लावला होता, हे त्यानंच हसत हसत सांगितलं होतं. आमच्या भागात फ्लेक्सशिवाय माणूस जन्मत नाही आणि मरतही नाही. वाढदिवस, नवा ट्रॅक्टर, सोसायटीची निवडणूक, काहीही असो, चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. आष्टी म्हणाला, "जाताना मोहल्ल्यानं लावला, येताना आपुन लावू." मला ते इतकं पटलं, की मी त्याच दिवशी हिंगणघाटच्या एका फ्लेक्सवाल्याला फोनवर काम दिलं. पाण्याच्या टाकीजवळचा चौक हिंगणघाटच्या बोलण्यात नेहमी यायचा, तिथंच लाव म्हणालो. वर मोठा फोटो, खाली "परदेशातून परत येत असलेल्या आमच्या लाडक्या भावाचे हार्दिक स्वागत". स्वागत करणाऱ्यांचे फोटो खाली ओळीनं असतात, पण आमचे फोटो द्यायचे नव्हते. मग गेममधले आमचे हेल्मेटवाले शिपाई टाकले आणि त्यांच्याखाली लिहिलं, "सेलू, आष्टी व समस्त मित्र परिवार".

त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्याला काहीच सांगितलं नव्हतं. आणि घरचं बोलायचं नाही या नियमामुळे घरी कोणाला माहीत आहे का, हे विचारायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"सेलू, ऐकून राह्यला ना?" फोनवर तो विचारत होता.

"ऐकतो ना. कोणाले सांगायचं नाई? काऊन?"

"घरी मालूम नाई. सुट्टीवर नाई आलो मी. कायमचा आलो." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "बाजूच्या बिल्डिंगीवरून एक माणूस पडला, माह्या डोयासमोर. तवापासून शिडीवर पाय ठेवला का हात कापते. होत नाई माह्याच्यानं ते काम."

मी म्हणालो, "आलास ना, बस झालं."

"बस नाई झालं. बहिणीची सोयरीक जुळली हाये. पाव्हणे आमच्याच मोहल्ल्यातले. भाऊ फॉरेनले हाये म्हणून बाबानं सांगेल हाये त्याईले. आज माय अन् बहीण बस्त्यासाठी वर्ध्याले गेल्या, म्हणून आजचाच दिवस धरला. बाबा जिनिंगमधून घरी आले का मी समोर बसून सांगतो. त्याईले हे माह्या तोंडून समजलं पाह्यजे. चौकातून नाई समजलं पाह्यजे, सेलू. बाकी काई झालं तरी चालते."

तो शब्द त्यानं आपल्या मनानंच वापरला. चौकातून.

मी त्याला खरं सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. तो नागपुरात, मी सेलूत, फ्लेक्स हिंगणघाटला. तो पोहोचायच्या आत फ्लेक्स खाली उतरला, तर त्याला कळायचंही कारण नाही, असा हिशेब मी क्षणात केला आणि म्हणालो, "तू आरामात ये." फोन ठेवला आणि लगेच फ्लेक्सवाल्याला लावला. तो चंद्रपूरला कोणाच्या तरी लग्नात होता, मागे बँड वाजत होता.

"भाऊ, फोटो आला ना? झक्कास दिसते!"

"काढा तो. आत्ताच्या आत्ता."

तो हसला. "भाऊ, लागलेला फ्लेक्स काढत असते का कोणी? मागच्या साली एकानं दुसऱ्याचा बड्डेचा फ्लेक्स काढला तर डोके फुटले. माह्या पोट्ट्यानं लावला अन् तोही इकडेच निघाला. चार दिवस राहू द्या, हवेनं आपोआपच फाटते."

मी गिऱ्हाइकाचा उघडा फोन तसाच डबीत ठेवला, त्याला उद्या या म्हणालो, पक्कड खिशात घातली आणि दुकानाचं शटर ओढलं. आष्टीला फोन लावून हेडफोन कानात खुपसला आणि गाडीला किक मारली. आष्टीनं सगळं ऐकून घेतलं. त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊक नाही. म्हणाला, "मी तर इकडं दूर. मी त्याले रोकतो. हिंगणघाटच्या अलीकडं जाम गावाच्या चौरस्त्यावर उतर म्हणतो, मी तिथं भेटाले येतो म्हणतो."

"पण तू तर आष्टीले हायेस!"

"त्याले काय मालूम?"

वर्धा ओलांडेपर्यंत मी शिव्याच देत होतो. आधी फ्लेक्सवाल्याला, मग आष्टीला, मग नियमाला, मग स्वतःला. कसला मेला नियम! माणूस चार वर्षं कानात बोलतो आणि त्याच्या बापाचं नाव माहीत नाही. पुढे हिंगणघाट जवळ आलं तशा कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. ट्रॅक्टर, पिकअप, सगळ्यांवर कापूस ताडपत्रीबाहेर फुगलेला. ओव्हरटेक करावं तर समोरून ट्रक. कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकासमोर तर गाडीच हलेना. याच फाटकाच्या आत त्याचा बाप असेल, असं वाटलं. फाटकातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाकडे मी पाहत होतो.

चौक सापडायला वेळ लागला नाही. फ्लेक्स लांबूनच दिसला. पानठेल्याच्या बाजूला लोखंडी चौकटीवर ताणून बांधलेला आणि उन्हात चकाकणारा. खाली पाचसहा जण उभे राहून वाचत होते.

"सेलू, आष्टी, हा कोणता पक्ष होय?" एकानं विचारलं.

"पक्ष कायचा? मिलिटरीतले पोरं दिसते. हेल्मेट पाह्य ना."

"पोरगा तर आपल्या फिटर काकाचा होय. येऊन राह्यला वाटते."

फिटर काका म्हणजे हिंगणघाटचे वडील, हे तिथं कळलं. पानठेल्याच्या बाकावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस बसला होता, तो म्हणाला, "आमच्या सुनेचा भाऊ होय तो. पण फिटर बोलले नाई काही." सून होणार होती ती यांच्या पुतण्याची, हेही मला तिथंच, बाकीच्यांच्या बोलण्यातून समजलं. म्हणजे ज्यांच्या कानावर जायला नको होतं, तेच बाकावर बसून वाचत होते. मला वाटलं, गाडी वळवावी आणि सरळ सेलूला जावं. पण त्याचे बाबा अजून आले नव्हते, म्हणजे निम्मं तरी वाचवता येईल. मी गाडी चौकटीला लावली, सीटवर उभा राहिलो आणि पक्कडीनं वरची तार तोडली. फ्लेक्सचा एक कोपरा फडफडत खाली आला आणि हिंगणघाटचं अर्धं तोंड झाकलं गेलं.

"ए! काय करून राह्यला बे?"

मी दुसऱ्या तारेला हात घातला, तर कोणीतरी माझा पाय धरून मला खाली ओढलं. क्षणात मी घोळक्याच्या मधे होतो. एकानं गाडीची चावी काढून घेतली. लोकांचे चेहरे बदलले होते. आमच्याकडे लागलेला फ्लेक्स काढणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडाला काळं फासणं. फ्लेक्सवाला खोटं बोलत नव्हता.

"माझाच हाये तो," मी म्हणालो. "मीच लावला."

"तूच लावला, मंग तूच काऊन काढून राह्यला?"

खरं सांगितलं तर त्याचं सगळं चौकात उघडं पडत होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणालो, "चूक झाली छापण्यात." त्यांनी सगळा फ्लेक्स पुन्हा वाचला आणि चूक काही सापडली नाही. पांढरा शर्टवाला उठला. "फोटो फाडाले आला तू. कोणाचा माणूस होय? आमच्या सोयरिकीत बिब्बा घालाले आला का?" मग त्यानं खिशातून फोन काढला आणि बोलला, "फिटर साहेब, चौकात या जरा. तुमच्या पोराचा फ्लेक्स एक जण काढून राह्यला."

मी कपाळावर हात मारला. जे होऊ नये म्हणून इतक्या लांबून जीव काढत आलो, ते मीच घडवून आणलं होतं. फ्लेक्सला हात लावला नसता, तर त्याचे बाबा जिनिंग सुटेपर्यंत तरी आले नसते.

फिटर काका सायकलवर आले. बारीक अंगाचे, खाकी शर्टातले, खांद्यावर आणि केसांत कापसाचे पुंजके चिकटलेले. त्यांनी सायकल उभी केली, माझ्याकडे पाहिलं नाही, आधी फ्लेक्स पाहिला. लोंबणारा कोपरा हातानं वर धरला आणि पोराचं पूर्ण तोंड दिसल्यावर खालचं एकेक अक्षर वाचलं. परत येत असलेल्या. तिथं त्यांची नजर दोनदा गेली, मी बघत होतो.

"बोलले नाई तुम्ही, व्याही," पांढरा शर्टवाला म्हणाला. "पोरगा येऊन राह्यला म्हणून."

"लग्नाले येणारच होता ना," ते म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. मग माझ्याकडे वळले. "तू कोण?"

"सेलू," माझ्या तोंडून गेलं. मग म्हणालो, "सेलूचा. तुमच्या मुलाचा मित्र."

"माह्या पोराचे मित्र मले मालूम हाये."

"ऑनलाइनचा मित्र, काका."

"ऑनलाइनचा म्हणजे कुठचा?"

मित्र हा शब्द त्या चौकात उभा राहून पुन्हा म्हणायला मला लाज वाटली. कानातला हेडफोन गळ्यात लोंबत होता, त्यात आष्टीचा फोन वाजू लागला. मी तो कानाला लावला. "सेलू, त्याले शंका आली बाप्पा. जामले उतरला, वाट पाह्यली, मंग मले म्हणे, तू येत नाईस, खरं सांग. मी सांगून टाकलं सगळं. फ्लेक्सचं पण. काहीच बोलला नाई. निघाला तो." मग म्हणाला, "रागावू नको. मले खोटं नाई जमलं जास्त वेळ."

मी म्हटलं, "बाबा इथंच हाये."

"मंग तर झालं," आष्टी म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरलेला वाटला.

थोड्या वेळानं एक काळीपिवळी जीप चौकात थांबली आणि तो उतरला. फोटोतल्यापेक्षा खूप वाळलेला. एकच बॅग. ती त्यानं खाली ठेवली, फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, सरळ बाबांकडे आला आणि त्यांच्या पायाला हात लावला. तो वाकला तेव्हा त्याचे हात खरंच थरथरत होते. मी ते पाहिलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, "बाबा, मले तुमच्याशी..."

"अरे वा, वा!" पांढरा शर्टवाला मधे आला. "किती दिवसाची सुट्टी?"

परदेशातून आलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न हाच विचारतात. पाणी घे असं नंतर म्हणतात. हिंगणघाटनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. तो खरं बोलणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याच्या बाबांनाही कळलं असावं. कारण त्याच्या आधी तेच बोलले.

"लग्न लावून जाईन तो वापस," ते म्हणाले. "सायबानं सुट्टी देल्ली."

एवढं झाल्यावर लोक खूश झाले. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी तिकडं सोन्याचा भाव काय आहे विचारलं. हिंगणघाट मधे उभा होता. खरं बोलायची वाट आता बंद झाली होती आणि ती खुद्द बापानंच बंद केली होती. त्या गर्दीत त्याची नजर माझ्यावर पडली. मोहल्ल्यात मी एकटाच अनोळखी होतो आणि माझ्या हातात पक्कड होती.

"सेलू, तू होय?" तो म्हणाला.

आवाज तोच होता, रोज कानात येणारा. मी फक्त मान हलवली. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं माझी चावी लोकांकडून मागून घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "चाल घरी."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. बाबा पुढे सायकल ढकलत, मधे तो, मागे गाडी ढकलत मी. घरात गेल्यावर बाबांनी स्वतःच चहा टाकला, कारण बाया वर्ध्याला होत्या. पाहुण्यांना दाखवायला आणलेल्या नव्या खुर्च्या प्लास्टिकसकट मांडलेल्या होत्या. मी एका खुर्चीच्या टोकावर बसलो. ती दर हालचालीला करकर वाजायची, म्हणून मी हलत नव्हतो. मी तिथं असायला नको होतं. पण उठून निघालो, तर त्याला एकट्याला सोडून पळालो असं झालं असतं.

"बाबा," तो म्हणाला, "सुट्टी नाई. मी कायमचा आलो."

बाबा गॅसकडे तोंड करून उभे होते. "मंगाशी चौकात बोललो ते ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"मंग? लग्नापुरतं तरी तोंड बंद ठेव. पोरीचं हाये. त्याईले मी काय सांगू? सालभरात वापस आला म्हणून सांगू? त्यानं चौकात इचारलं, मी चौकात सांगितलं. आता माह्या शब्दाचं काय?" त्यांचा आवाज चढला. चहा उतू गेला, तो त्यांनी पाहिला नाही. "काऊन आला? काय खुपत होतं तिथं?"

हिंगणघाटनं सांगितलं. माणूस पडला ते सांगितलं, हात कापतात ते सांगितलं, रात्री झोप लागत नाही ते सांगितलं. बाबा ऐकत होते, पण वळले नाहीत. मला राग आला. वाटलं, उठावं आणि म्हणावं, काका, पोराकडे पाहा तरी. पण मी कोण? ऑनलाइनचा.

"पडला तो कोण होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बिहारचा होता. माह्या बाजूच्या पलंगावर झोपे."

"त्याच्या घरी कोणी सांगितलं?"

हिंगणघाटनं दोन्ही हात मांडीखाली घातले. मग म्हणाला, "मीच सांगितलं. सुपरवायझरनं मले फोन देल्ला, तुले हिंदी येते म्हणून. त्याचा बाप शेतातून पळत येऊन राह्यला होता, दम लागेल होता त्याले. मी काही बोलाच्या आधी तोच म्हणे, बेटा, चौक पर लोग कुछ बोल रहे हैं, मेरे पास कोई नहीं आ रहा, तू बता. कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो टाकला होता बाबा. अख्ख्या गावाले मालूम होतं. त्याच्या बापालेच मालूम नव्हतं."

गॅस बाबांनी तेव्हा बंद केला. ते वळले. पोराच्या हातांकडे त्यांनी पाहिलं. तो हात मांडीखाली दाबून बसला होता. ते त्याच्याजवळ आले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आणि मग चपला घालून बाहेर पडले.

आम्ही दोघंही मागे धावलो. आपला बाप कुठे निघाला हे त्यालाही कळेना. आधी मला भलतीच शंका आली, की आता फ्लेक्स फाडतात की काय. पण ते पानठेल्याकडे गेले. बाकावर पांढरा शर्टवाला तसाच बसलेला होता, आणखी दोघं-तिघं होते. लग्नाचं पुढे काय झालं हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. पाहुणे आठवडाभर कुरकुरले, एकदा बैठक झाली, आणि लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मी आणि आष्टी दोघंही वाढायला होतो. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना तर मुळीच नव्हतं. पोरीची सोयरीक हातातून जाणार हे धरूनच ते त्या बाकासमोर उभे राहिले, हे मी शपथेवर सांगतो.

"व्याही," ते म्हणाले, "मी मंगाशी तुमच्यापाशी खोटं बोललो. पोरगा वापस जात नाई."

पांढरा शर्टवाला उठून उभा राहिला. "म्हणजे? काय झालं तिथं? भांडला का कोणाशी? काढलं का त्याले?"

चौकातली बाकीची माणसंही जवळ आली. हिंगणघाटनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कोणी काढलं नाई," बाबा म्हणाले. "तिथं दोघं एका खोलीत झोपत. एक पडून मेला, तिकडे बिहारात त्याच्या बापाले फोन आला. माह्या घरी पोरगा आला. आता तुम्ही काय ठरवता ते ठरवा."

ते वळले, आमच्याजवळ आले आणि पोराला म्हणाले, "चाल, तुही माय येतच असन, दिवा लावू."